बोटॉक्सचं पुढचं इंजेक्शन कधी? अंतर ठरवायची पद्धत

क्लिनिकच्या कार्डावर बहुधा "३ ते ४ महिन्यांनी" असं लिहिलेलं असतं. तो अनेक चेहऱ्यांचा सरासरी हिशेब आहे. एकाच दिवशी, एकाच डॉक्टरकडून, तेवढीच युनिट (औषधाच्या ताकदीचं माप) घेतलेल्या दोघींपैकी एकीच्या आठ्या अकराव्या आठवड्यात परत दिसू लागतात आणि दुसरीच्या पाचव्या महिन्यात. म्हणून तारीख स्नायूच्या हालचालीवरून ठरवायची आणि किमान १२ आठवड्यांची मर्यादा मोडायची नाही. त्यासाठी दोन फेऱ्यांची नीट नोंद ठेवावी लागते. काम कंटाळवाणं आहे, पण त्याला दुसरा चांगला पर्याय नाही.

असर कसा उतरतो

बोटॉक्समधलं बोट्युलिनम टॉक्सिन मज्जातंतूच्या टोकात शिरतं आणि तिथलं स्नॅप-२५ नावाचं प्रथिन कापतं. त्यामुळे स्नायूला आकुंचनाचा निरोप देणारं अ‍ॅसिटिलकोलीन बाहेर पडत नाही आणि स्नायू सैलावतो. शरीर त्याच्यावर उपाय काढतं. त्या टोकाला आधी छोटे तात्पुरते फुटवे येतात, मग मूळ टोक पुन्हा कामाला लागतं आणि फुटवे मागे हटतात. म्हणजे असर दिवा विझावा तसा एका रात्रीत जात नाही, आठवडेच्या आठवडे हळूहळू उतरतो.

साधारण क्रम असा: पहिल्या २-३ दिवसांत आठी घालताना जोर कमी लागतोय असं जाणवतं, १४ दिवसांपर्यंत जवळजवळ पूर्ण असर दिसतो, एक ते दोन महिने चेहरा सर्वांत स्थिर असतो, आणि आठव्या ते दहाव्या आठवड्यापासून बारीक हालचाल परतू लागते. ही पहिली हालचाल पाहून अनेक जण लगेच फोन करतात. ती बिघाडाची खूण नव्हे. पुढे महिनाभर तरी चेहरा चांगला दिसू शकतो.

नोंद कशी ठेवायची

पहिल्या इंजेक्शनच्या आधीच फोटो काढा, नंतर तुलनेला काही उरत नाही. खिडकीसमोर तोंड करून उभं राहा, उजेड समोरून हवा. बाजूच्या उजेडात प्रत्येक रेष दुप्पट खोल दिसते आणि तुमचा निर्णय चुकतो. फोन डोळ्यांच्या उंचीवर, साधारण एक मीटर लांब. मागचा कॅमेरा वापरा, ब्यूटी मोड आणि पोर्ट्रेट मोड दोन्ही बंद. मेकअप नको, केस मागे बांधलेले.

चार फोटो घ्या: चेहरा शांत, पूर्ण जोर लावून आठी घातलेला, भुवया जितक्या वर जातील तितक्या नेलेल्या, आणि डोळे बारीक होईपर्यंत हसलेला. हेच चार फोटो १४ व्या दिवशी, सहाव्या आठवड्यात, दहाव्या आठवड्यात आणि मग दर दोन आठवड्यांनी. प्रत्येक फोटोला ० ते ३ गुण द्या. ० म्हणजे रेष नाही, १ पुसट, २ मध्यम, ३ इंजेक्शनपूर्वीइतकी खोल. गुण देताना आधीचा फोटो शेजारी ठेवा. नुसत्या आरशावर विसंबू नका, माणसाला आपला चेहरा रोज बघून त्याची सवय होते.

याबरोबर क्लिनिककडून लेखी घ्यायच्या गोष्टी: औषधाचं नाव, बॅच नंबर, मुदत, कुठल्या बिंदूला किती युनिट, आणि १०० युनिटच्या व्हायलमध्ये, म्हणजे औषधाच्या छोट्या बाटलीत, किती मिली सलाइन घातलं. चांगला डॉक्टर हे न कुरकुरता देतो. "अहो, ते आमचं आम्ही बघतो" असं उत्तर आलं, तर पुढच्या वेळी दुसरं क्लिनिक शोधा.

निर्णयाचा नियम

पुन्हा घ्यायची वेळ तेव्हा, जेव्हा १२ आठवडे उलटले आहेत आणि पूर्ण जोराच्या फोटोत गुण २ झाले आहेत. गुण १ असताना घेतलं, तर ज्या स्नायूंवर असर अजून शिल्लक आहे त्यांच्यावर औषध खर्च होतं. ३ होईपर्यंत थांबलात तर वैद्यकीय नुकसान काही नाही, फक्त मधले काही आठवडे जुन्या आठ्या दिसत राहतील. कोणाला ते चालतं, आणि पैसे वाचतात.

१२ आठवड्यांच्या आधीच गुण ३ झाले, तर अंतर कमी करू नका, मात्रा तपासा. दोन भुवयांमधल्या आठ्यांसाठी बोटॉक्सच्या माहितीपत्रकात २० युनिट दिली आहेत, पाच बिंदूंना प्रत्येकी ४. डोळ्यांच्या कोपऱ्यातल्या रेषांसाठी प्रत्येक बाजूला १२ म्हणजे एकूण २४, आणि कपाळावरच्या आडव्या रेषांसाठी २०, तेही भुवयांमधल्या २० च्या जोडीने. तुमच्या कार्डावर भुवयांमध्ये १० किंवा १२ युनिट दिसली, तर असर लवकर का उतरला ते तिथेच कळलं. पुरुषांचे स्नायू जाड असतात, त्यांना बहुधा जास्त लागतात, आणि बाईच्या मात्रेत उरकलेला पुरुष हमखास "माझ्यावर चालत नाही" म्हणत परत येतो.

युनिटची तुलना एकाच औषधात करायची. डिस्पोर्ट या त्याच जातीच्या दुसऱ्या औषधाची मात्रा भुवयांमध्ये ५० युनिट आहे. म्हणून ते बोटॉक्सच्या अडीचपट कडक असं नाही, दोन्हींची मोजण्याची पद्धतच वेगळी आहे. औषध बदललं तर जुन्या नोंदीवरून नवी तारीख काढू नका, एक फेरी नव्याने मोजा. अमेरिकेत २०२२ मध्ये मान्यता मिळालेलं डॅक्सिफाय नावाचं औषध भुवयांमध्ये सुमारे सहा महिने टिकतं, त्याला वरचं वेळापत्रक लागू होत नाही. परदेशी राहणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

प्रत्येक भागाचं घड्याळ वेगळं

सगळं एका दिवशी उरकायचा मोह होतो, पण कपाळ, भुवया, डोळ्यांचे कोपरे आणि जबडा एकाच वेगाने परतत नाहीत. डोळ्यांच्या कोपऱ्यातल्या रेषा बऱ्याच जणांत लवकर परततात. चेहऱ्याचा खालचा भाग निमुळता दिसावा म्हणून जबड्याच्या स्नायूत घेतलेलं इंजेक्शन मात्र सहा महिन्यांपर्यंत पुरतं, कारण तिथे स्नायू बारीक व्हायलाच काही आठवडे लागतात. जबड्याचं इंजेक्शन कपाळाच्या तारखेला जोडून दर तीन महिन्यांनी घेणं म्हणजे निव्वळ अति.

कपाळाचं एक बंधन विसरू नका. भुवया वर उचलणारा स्नायू कपाळावरचाच. त्याला एकट्याला सैल केलं आणि भुवया खाली ओढणारे स्नायू तसेच ठेवले, तर भुवया जड होऊन डोळ्यांवर येतात. म्हणून एखादी फेरी गाळायचीच असेल तर कपाळाची गाळा आणि भुवयांमधली घ्या, उलट नको.

दोन आठवड्यांची दुरुस्ती आणि वारंवारचा टच-अप

१४ व्या दिवशी एक भुवई जास्त वर गेली किंवा एखादा बिंदू राहून गेला, तर डॉक्टर २-४ युनिट देऊन ते सरळ करतात. त्याआधी जाऊ नका, असर अजून चढत असतो आणि सातव्या दिवशीची वाकडी भुवई पंधराव्या दिवशी आपोआप सरळ झालेली असू शकते. ही दुरुस्ती त्याच फेरीचा भाग धरा, पण १२ आठवडे मात्र दुरुस्तीच्या तारखेपासून मोजा.

यापलीकडे दर महिन्याला "थोडंसं" घेत राहणं टाळा. औषध हे परकं प्रथिन आहे, आणि शरीर त्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार करू शकतं. तसं झालं की औषध निकामी ठरतं. बोटॉक्स, डिस्पोर्ट अशी ए प्रकारच्या टॉक्सिनची औषधं वेगवेगळ्या नावांनी मिळतात, पण आतलं टॉक्सिन एकाच जातीचं, त्यामुळे नाव बदलून पळवाट सापडेलच असं नाही. सौंदर्यासाठीच्या लहान मात्रांत हा धोका कमी आहे, शिवाय आजच्या बोटॉक्समध्ये १९९७ पूर्वीच्या औषधापेक्षा प्रथिनाचा भार बराच कमी असतो. धोका वाढवणाऱ्या गोष्टी दोन: मोठी मात्रा आणि कमी अंतर. दुसरी पूर्णपणे आपल्या हातात आहे.

मात्रेचा हिशेब सगळ्या शरीराचा एकत्र करायचा. बोटॉक्सच्या माहितीपत्रकात प्रौढांसाठी तीन महिन्यांत सर्व कारणांची मिळून ४०० युनिट ही कमाल आहे. जुनाट मायग्रेनसाठी दर १२ आठवड्यांनी १५५ युनिट दिली जातात, काखेतल्या घामासाठी दोन्ही बाजूंची मिळून १००. न्यूरॉलॉजिस्टकडे एक कार्ड आणि त्वचारोगतज्ज्ञाकडे दुसरं असेल, तर दोघांनाही दोन्ही दाखवा.

लवकर का उतरलं, याचा शोध

क्रमाने बघा. मात्रा कमी होती का? मग औषध फार पातळ केलेलं किंवा शिळं होतं का? माहितीपत्रकाप्रमाणे १०० युनिटच्या व्हायलमध्ये २.५ मिली सलाइन घालतात, म्हणजे ०.१ मिलीमध्ये ४ युनिट येतात. औषध २ ते ८ अंश सेल्सिअसला ठेवून २४ तासांत वापरायचं असतं. प्रत्यक्षात अनेक क्लिनिकं ते जास्त दिवस ठेवतात, म्हणून व्हायल कधी कालवली हे विचारायला संकोच नको. मग औषध खरंच होतं का? बाजारभावापेक्षा फार स्वस्त "ऑफर" असेल तर बंद व्हायल समोर उघडायला सांगा. बिंदू चुकला का, हे १४ व्या दिवसाच्या फोटोत दिसतं: एका बाजूची आठी तशीच राहिलेली असते.

मग एक वेगळीच शक्यता. शांत चेहऱ्यावरही दिसणारी कोरलेली रेष बोटॉक्सने पूर्ण जाणार नाही. पूर्ण जोर लावूनही स्नायू हलत नाही, पण शांत फोटोत रेष कायम, असं असेल तर औषध नीट चाललंय. तिथे वारंवारता वाढवून काही मिळत नाही, त्या रेषेवर वेगळा उपचार लागतो.

प्रतिपिंडांचा संशय सगळ्यात शेवटी. खात्रीचं औषध पूर्ण मात्रेत, १२ आठवड्यांच्या अंतराने दोनदा देऊनही १४ व्या दिवशी काहीच फरक नसेल, तर डॉक्टर एकाच बाजूच्या भुवईजवळ थोडं औषध देऊन दोन आठवड्यांनी दोन्ही बाजूंची तुलना करतात. फरक दिसला तर औषध चालतंय, दोष मात्रेचा किंवा बिंदूंचा आहे.

अंतर वाढवून बघणं

तीन-चार फेऱ्या नियमित झाल्यावर अनेकांचे स्नायू थोडे बारीक होतात, आठी घालायची सवयही सुटते. तेव्हा पुढची तारीख २-३ आठवड्यांनी पुढे ढकला आणि फोटो चालू ठेवा. गुण २ आले नसतील तर आणखी दोन आठवडे. असं करत काही जण वर्षातून दोन फेऱ्यांवर येतात. हिशेब सोपा आहे: २० युनिटच्या चार फेऱ्या म्हणजे ८० युनिट, दोन म्हणजे ४०. म्हणूनच आगाऊ पैसे भरून घेतलेलं "वर्षाला चार" पॅकेज आम्हाला पसंत नाही. भरलेले पैसे वसूल करायला माणूस गरज नसताना खुर्चीत बसतो.

लग्नाआधी घ्यायचं असेल तर

तुळशीच्या लग्नानंतर क्लिनिकांत गर्दी उसळते आणि मुहूर्ताच्या आठ दिवस आधी पहिलंच इंजेक्शन घेणारेही भेटतात. नका करू. पापणी उतरण्याचा त्रास झाला तर तो पहिल्या एक-दोन आठवड्यांत दिसतो आणि कित्येक आठवडे टिकू शकतो. १० डिसेंबरला लग्न असेल तर फेरी ५ ते १० नोव्हेंबरच्या दरम्यान घ्या. त्यात १४ व्या दिवसाची दुरुस्ती बसते आणि निळसर डागही जिरतात. आयुष्यातली पहिलीच वेळ असेल तर एक चाचणी-फेरी जून-जुलैत करून घ्या, म्हणजे नोव्हेंबरपर्यंत १२ आठवडे सहज भरतात.

कधी थांबायचं

गरोदरपणात आणि अंगावर दूध पाजत असताना फेरी पुढे ढकला. इंजेक्शनच्या जागी फोड किंवा जंतुसंसर्ग असेल तरी. मायस्थेनिया ग्रॅव्हिससारखा स्नायू-मज्जातंतूंचा आजार असेल, किंवा जेंटामायसिन, अमिकॅसिन अशी प्रतिजैविकं चालू असतील, तर आधी डॉक्टरांना सांगा. हृदयासाठीची अ‍ॅस्पिरिन केवळ डाग पडू नये म्हणून आपल्या मनाने बंद करू नका. इंजेक्शननंतर काही तासांपासून काही आठवड्यांपर्यंत कधीही गिळायला, बोलायला किंवा श्वास घ्यायला त्रास झाला, तर फॉलो-अपची वाट न पाहता थेट रुग्णालय गाठा.

कायमचं थांबवायचं ठरवलं तर मात्रा हळूहळू कमी करायची गरज नाही. पुढची तारीख घेऊ नका, एवढंच. आठ्या काही महिन्यांत पूर्ववत होतात, पूर्वीपेक्षा खोल होत नाहीत. "एकदा सुरू केलं की सोडता येत नाही" ही भीती इथून येते: चार महिने गुळगुळीत कपाळ पाहिलेल्या डोळ्यांना जुनी रेष नवी वाटते. पहिल्या दिवशी काढलेला फोटो तेव्हा काढून बघा.