अपरिचित जर्मन युद्धविमानांचे आराखडे आणि त्यांचे रचनाकार यांचा शोध कसा घ्यावा

दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरच्या दोन वर्षांत जर्मन विमान कंपन्यांच्या आरेखन कक्षांत एकामागून एक आराखडे तयार होत होते. त्यांपैकी फार थोडी विमाने प्रत्यक्ष उडाली, काही लाकडी सांगाड्यापर्यंत पोहोचली आणि बहुतेक कागदावरच राहिली. आजच्या वाचकाला मात्र ती भेटतात ती प्लॅस्टिकच्या मॉडेलच्या खोक्यावर: पंखांवर रंगांचे पट्टे, शेपटीवर तुकडीचे क्रमांक आणि सोबत ताशी हजार किलोमीटर वेगाचा दावा. असे विमान खरोखर होते का, ते कुणी आखले आणि त्याचे काम कुठवर गेले, हे स्वतः तपासता येते आणि त्यासाठी इतिहासाची पदवी लागत नाही. चिकाटी, कोशाच्या आधाराने वाचण्याइतके जर्मन आणि एक सवय मात्र लागते: कोणतेही विधान समोर आले की त्याच्यामागचा कागद मे १९४५ च्या आधीचा आहे की नंतरचा, हे सर्वप्रथम विचारणे.

नावांचा गुंता आधी सोडवावा

एकाच विमानाला तीन-चार नावे असतात आणि प्रत्येक नाव काहीतरी वेगळे सांगत असते. कंपनीने स्वतःपुरता दिलेला प्रकल्प क्रमांक, उदाहरणार्थ मेसरश्मिटचा ‘पी ११०१’, एवढेच सांगतो की त्या कंपनीच्या कक्षात या कल्पनेवर काम झाले. शिवाय एकाच क्रमांकाखाली परस्परांशी न जुळणारे आराखडेही सापडतात. बर्लिनच्या हवाई मंत्रालयाने दिलेला, आठने सुरू होणारा क्रमांक (मेसरश्मिटचे ‘मे २६२’ हे जेट विमान मंत्रालयाच्या दप्तरी ‘८-२६२’ होते) मंत्रालयाने दखल घेतल्याची खूण आहे. ‘व्ही १’, ‘व्ही २’ अशी जोड असेल, तर ते चाचणीसाठी बांधलेले किंवा बांधायला घेतलेले विमान समजावे.

होर्टेन बंधूंचे शेपटी नसलेले जेट विमान हे या गुंत्याचे चांगले उदाहरण आहे. वाल्टर आणि रायमार होर्टेन त्याला ‘एच ९’ म्हणत, मंत्रालयाकडे ते ‘८-२२९’ होते, आणि उत्पादनाचे काम गोथाच्या रेल्वे डबे बनवणाऱ्या कारखान्याकडे जाणार असल्यामुळे काही कागदांवर ‘गो २२९’ असेही लिहिलेले दिसते. ज्याने एकाच नावाने शोध घेतला, त्याच्या हाती निम्मेच कागद लागतील. म्हणून वहीच्या पहिल्या पानावर सर्व नावांची यादी करावी, आणि अभिलेखागारांच्या सूचींत शोधताना ती मूळ रोमन लिपीतच टाकावीत. जर्मन स्वरांवरची दोन टिंबे इंग्रजी सूचींत कधी गाळली जातात, तर कधी त्यांच्या जागी ‘ई’ हे अक्षर जोडले जाते. त्यामुळे हाइंकेल कंपनीचे रचनाकार झीगफ्रीड ग्युंटर यांचे आडनावसुद्धा तीन प्रकारे शोधावे लागते.

विमान कोणत्या पायरीवर थांबले ते ठरवावे

नावे हाती आली की आपले विमान कल्पनाचित्र, तपशीलवार आराखडा, पवनबोगद्यातील प्रतिकृती, अर्धवट बांधणी आणि उड्डाण यांपैकी कोणत्या पायरीवर थांबले ते लिहून काढावे. आकड्यांची किंमत यावरच ठरते. न उडालेल्या विमानाचा वेग हा गणिताने काढलेला वेग असतो. तो मंत्रालयाकडून काम मिळवू पाहणाऱ्या कंपनीने काढलेला असतो, आणि जे इंजिन गृहीत धरले ते अनेकदा स्वतःच अजून तयार नसे. उडालेल्या विमानाशेजारी त्याच तक्त्यात असा आकडा मांडणे ही या विषयातील सर्वांत सामान्य चूक आहे, आणि ती नामांकित पुस्तकांतही आढळते.

कागद कुठे गेले

युद्ध संपताच विजेत्या राष्ट्रांनी जर्मन संशोधन गोळा करून नेले, त्यामुळे कागदांचा माग काढणे म्हणजे बऱ्याच अंशी त्या विजेत्यांचा माग काढणे होय. अमेरिकनांनी सुमारे १,५०० टन कागदपत्रे लंडनमार्गे ओहायो राज्यातील राइट फील्ड येथे नेली, तेथे त्यांची छाननी केली आणि मायक्रोफिल्म काढल्या. बऱ्याच मूळ कागदांची पुढे जर्मनीला परतपाठवणी झाली. परिणामी एकच अहवाल आज अमेरिका आणि युरोप अशा दोन्ही खंडांत सापडू शकतो, किंवा त्याचा मजकूर एका ठिकाणी आणि चित्रे दुसऱ्या ठिकाणी असू शकतात.

घरी बसून सुरुवात करायची असेल तर नासाच्या तांत्रिक अहवालांच्या संगणकीय भांडारापासून करावी. नासाची पूर्वसंस्था असलेल्या नाकाने अनेक जर्मन शोधनिबंधांची इंग्रजी भाषांतरे प्रसिद्ध केली होती, आणि ती तेथे विनामूल्य मिळतात. त्यानंतर पेटंटांकडे वळावे. युरोपीय आणि जर्मन पेटंट कार्यालयांच्या शोधसेवा खुल्या आहेत, आणि पेटंटावर अर्जदाराचे नाव व तारीख छापलेली असल्याने ‘ही कल्पना प्रथम कुणाची’ या वादात त्याच्याइतका निःपक्षपाती साक्षीदार सहसा मिळत नाही. हौशी अभ्यासक पेटंटांकडे का दुर्लक्ष करतात हे मला आजवर कळलेले नाही.

प्रत्यक्ष अभिलेखागारांत पहिले नाव जर्मन संघीय अभिलेखागाराच्या फ्रायबुर्ग येथील लष्करी विभागाचे. तेथे हवाई दलाचे कागद ‘आर एल’ या अक्षरांखाली लावलेले असून विमानांच्या विकासाशी संबंधित दप्तर ‘आर एल ३’ मध्ये आहे. त्यांची सूची ‘इन्व्हेनिओ’ या प्रणालीवर घरून पाहता येते. म्यूनिखच्या डॉयचेस म्युझियमच्या अभिलेखागारात विमान कंपन्यांची कागदपत्रे आहेत, तर ग्योटिंगेन येथील जर्मन एरोस्पेस केंद्राच्या अभिलेखागारात वायुगतिकीच्या संशोधनाचे कागद आहेत. लंडनजवळ क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागारात आणि वॉशिंग्टनच्या हवाई व अंतराळ संग्रहालयात विजेत्यांच्या बाजूचे कागद मिळतात. दोस्त राष्ट्रांच्या तपास पथकांनी १९४५-४६ मध्ये कारखान्यांना भेटी देऊन लिहिलेले अहवाल, विशेषतः ‘सीआयओएस’ आणि ‘बीआयओएस’ या आद्याक्षरांनी ओळखले जाणारे, नवशिक्याला फार उपयोगी पडतात, कारण ते इंग्रजीत आहेत आणि पथकाने स्वतः काय पाहिले व काय नुसते ऐकले यातील फरक त्यांत बहुधा कळतो.

अभिलेखागाराला पत्र लिहिताना ‘मला जर्मन गुप्त विमानांची माहिती हवी आहे’ असे लिहू नये. त्याला उत्तर आले तरी ते सर्वसाधारण माहितीपत्रकच असेल. संग्रहाचे नाव, फाइलचा क्रमांक, हव्या असलेल्या कागदाचे वर्ष आणि प्रतींचा खर्च सोसण्याची तयारी एवढे नेमके लिहावे. त्यासाठी सूची आधी आपण वाचलेली असली पाहिजे.

कागद हाती आल्यावर

जर्मन तांत्रिक कागद बहुतेक टंकलिखित असतात, त्यामुळे जुन्या हस्ताक्षराची भीती बाळगण्याचे कारण नाही. कागदाच्या प्रकारावरून त्याचे वजन ठरवावे. ‘बाउबेश्रायबुंग’ म्हणजे बांधणीचे वर्णन. त्यात वजने, इंधन, शस्त्रे आणि अपेक्षित कामगिरी असते. बैठकीचे इतिवृत्त दिसायला रूक्ष, पण माझ्या मते सर्वांत मोलाचे, कारण इंजिन कधी मिळणार नाही, कुशल कामगार कुठे कमी आहेत आणि कोणता प्रकल्प बंद करायचा हे तेथेच उघडपणे बोललेले असते. आराखड्याच्या कोपऱ्यातील चौकट न चुकता पाहावी. तेथील तारीख, आरेखकाची सही आणि चित्राचा क्रमांक यांवरून तो आराखडा त्या काळचा आहे की पुढे कुणी हौसेने नव्याने काढला आहे, हे समजते. चौकट कापून टाकलेल्या चित्रावर काहीही उभारू नये.

रचनाकाराच्या मागोमाग जावे

विमान मध्येच थांबते, पण माणूस पुढे काम करीत राहतो. म्हणून विमानाचे कागद जेथे संपतात तेथून रचनाकाराचा माग धरावा. हान्स वोके हे त्याचे उत्तम उदाहरण. युंकर्स कंपनीत त्यांनी पुढे झुकलेल्या पंखांचे यु २८७ हे जेट बाँबफेकी विमान आखले. मागे झुकलेल्या पंखात हवेचा प्रवाह टोकांकडे आधी तुटतो आणि कमी वेगात विमान आवरत नाही. पंख पुढे झुकवला की हा दोष टळतो, मात्र वेग वाढताच पंखाला पीळ पडण्याचा धोका उभा राहतो. ही कल्पना पडताळण्यासाठी बनवलेल्या पहिल्या विमानात हाइंकेल १७७ चा सांगाडा होता आणि पुढची चाके पाडलेल्या अमेरिकन बी-२४ विमानांची होती. ते ऑगस्ट १९४४ मध्ये लाइपझिगजवळच्या ब्रांडिस येथून उडाले.

बहुतेक पुस्तकांत यु २८७ ची कथा जर्मनीच्या पराभवाबरोबर संपते. वोके यांच्या मागे गेल्यास ती पुढे सरकते. २२ ऑक्टोबर १९४६ रोजी सोव्हिएत अधिकाऱ्यांनी हजारो जर्मन तंत्रज्ञांना कुटुंबांसह एकाच वेळी रशियात हलवले. युंकर्सचा गट वोल्गाकाठच्या पोदबेरेझ्ये येथे गेला आणि तेथे त्याच पंखाची ‘ईएफ १३१’ व ‘१४०’ ही विमाने उडाली. पुढे वोके पश्चिम जर्मनीत हँबुर्गला आले आणि २१ एप्रिल १९६४ रोजी त्यांनी आखलेले एचएफबी ३२० हान्सा जेट हे छोटे प्रवासी विमान उडाले, तेही पुढे झुकलेल्या पंखांचे. वीस वर्षे एका कल्पनेला चिकटून राहिलेला हा माणूस १९४५ वर थांबणाऱ्या पुस्तकांत केवळ तळटीप होऊन राहतो.

माग काढताना नाव बदलले असण्याची शक्यताही धरून चालावे. फोके-वुल्फ या विमान कंपनीचे रचनाकार कुर्ट टांक अर्जेंटिनाला गेले ते ‘पेद्रो मात्थीस’ या नावाने. अमेरिकेला नेलेल्या तज्ज्ञांच्या वैयक्तिक फायली तेथील राष्ट्रीय अभिलेखागारात ‘रेकॉर्ड ग्रुप ३३०’ मध्ये आहेत, तर नाझी पक्षाच्या सदस्यत्वाची कार्डे बर्लिनच्या संघीय अभिलेखागारात आहेत. दोन्ही पाहावीत, कारण युद्धानंतरच्या आत्मकथनांत ‘मला राजकारणाशी देणेघेणे नव्हते’ हे वाक्य ठरलेले असते. त्याच कारणाने विमान कुणाच्या हातांनी बांधले हेही तपासावे. हाइंकेल १६२ चे काम व्हिएन्नाजवळ हिंटरब्र्युल येथील भूमिगत खाणीत माउटहाउझेन छळछावणीच्या कैद्यांकडून करून घेतले जात होते. नाझी छळाच्या बळींची कागदपत्रे जपणाऱ्या जर्मनीतील आरोल्सेन अभिलेखागाराची सूची यासाठी खुली आहे. हा भाग वगळून केलेल्या नोंदीला तांत्रिक नोंदही म्हणू नये.

प्रसिद्ध दावे कसे तपासावेत

प्रत्येक दाव्याचा पहिला उल्लेख कधी झाला ते शोधावे. होर्टेन २२९ हे ‘रडारला न दिसणारे’ विमान होते, असे आज सर्रास लिहिले जाते. या विमानाचे दुसरे नमुना विमान २ फेब्रुवारी १९४५ रोजी इंजिनांच्या बळावर प्रथम उडाले आणि त्याच महिन्यात अपघातात सापडून चालक एर्विन त्सिलर मरण पावले. तिसरे, अपुरे विमान अमेरिकनांच्या हाती लागले आणि ते आज वॉशिंग्टनच्या संग्रहालयाच्या ताब्यात आहे. लाकडी थरांमधील सरसात रडार-लहरी शोषण्यासाठी कोळशाची पूड मिसळायची होती, हे विधान रायमार होर्टेन यांनी केले ते मात्र १९८० च्या दशकात, म्हणजे अमेरिकेत अशा विमानांची चर्चा सुरू झाल्यानंतर. संग्रहालयाने त्या लाकडाची व सरसाची शास्त्रीय तपासणी केली, तिच्यातून या दाव्याला पुष्टी मिळाली नाही. विमानाचा आकार रडारला कमी दिसणारा असू शकतो. हेतू तोच होता असे त्यावरून सिद्ध होत नाही.

जर्मन ‘उडत्या तबकड्यां’चेही तेच. त्यांचे दावे वृत्तपत्रांत आले ते १९५० मध्ये, म्हणजे १९४७ मध्ये अमेरिकेतील तबकड्यांच्या बातम्यांनी जग ढवळून निघाल्यावर. गोल पंखाचे एक विमान जर्मनीत खरोखर बांधले गेले होते, पण त्यात गूढ काही नव्हते. लाइपझिगजवळचे शेतकरी आर्थर झाक यांनी १९३९ च्या मॉडेल स्पर्धेत गोल पंखाचे मॉडेल आणले, हवाई दलातील वरिष्ठ अधिकारी एर्न्स्ट उडेट यांनी त्यांना उत्तेजन दिले, आणि इतर विमानांचे जुने भाग जोडून बनवलेले त्यांचे ‘ए एस ६’ हे विमान १९४४ मध्ये ब्रांडिसच्या धावपट्टीवर चाचणीला उतरले. ते नीट उडालेच नाही. मला ही कथा सर्व तबकड्यांपेक्षा अधिक रंजक वाटते.

टांक यांच्या कक्षात हान्स मुल्टहॉप यांनी आखलेल्या ‘टा १८३’ या लढाऊ जेट विमानावरून रशियाने मिग-१५ बनवले, हा दावा तपासताना दोन्ही विमानांचे त्रिदृश्य (वरून, समोरून आणि बाजूने काढलेले) आराखडे समोर ठेवावेत. टा १८३ बांधलेच गेले नव्हते; मिग-१५ चे इंजिन ब्रिटनच्या रोल्स-रॉइस नीनवर आधारलेले होते आणि त्याचा पंख व शेपटीही वेगळी आहे. मागे झुकलेल्या पंखाचे जर्मन संशोधन रशियनांनी वापरले, हे विधान टिकते. विमानाची नक्कल केली, हे टिकत नाही.

टा १८३ ची खरी सावली पाहायची तर अर्जेंटिनाकडे पाहावे. तेथे टांक यांचे ‘पुल्की २’ हे लढाऊ जेट विमान जून १९५० मध्ये उडाले आणि त्याची उंच शेपटी मूळ आराखड्याची आठवण करून देते. १९५६ मध्ये टांक भारतात आले व बंगळूरच्या हिंदुस्तान एअरक्राफ्टमध्ये त्यांच्या मार्गदर्शनाखाली एचएफ-२४ मरुत हे लढाऊ जेट विमान तयार झाले. १७ जून १९६१ रोजी ते प्रथम उडाले आणि एकूण १४७ विमाने बनली. मुंबईकर वाचकाला मरुत वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्रात पाहता येते. तेथे जाताना टा १८३ चा आराखडा सोबत न्यावा, शेपटी, हवा घेणारी तोंडे आणि इंजिनांची संख्या जुळते का ते एकेक करून टिपावे, आणि वहीत त्या दिवसाची तारीख घालावी.