होमोसिस्टीन वाढलेले आढळल्यास काय करावे?

मेथिओनिन या अमिनो आम्लाचा वापर होताना शरीरात होमोसिस्टीन तयार होते. फोलेट आणि बी-१२ यांच्या मदतीने त्याचे पुन्हा मेथिओनिन होते, तर बी-६ मुळे ते सिस्टीनकडे वळते. यांपैकी एक जीवनसत्त्व कमी पडले, तरी होमोसिस्टीन रक्तात साचू लागते. पातळी जास्त असलेल्या व्यक्तींमध्ये हृदयविकार, पक्षाघात आणि स्मृतिभ्रंश यांचे प्रमाण अधिक आढळते.

आकड्याने धास्तावण्यापूर्वी नमुना कसा घेतला गेला, हे विचारावे. रक्त उपाशीपोटी द्यावे. रक्ताची नळी टेबलावर तशीच पडून राहिली, तर तांबड्या पेशींतून होमोसिस्टीन बाहेर झिरपत राहते आणि आकडा फुगतो. म्हणून ती लगेच बर्फात ठेवून तासाभरात प्लाझ्मा (रक्तातील द्रव भाग) वेगळा करावा लागतो. हे झाले नसेल, तर चाचणी पुन्हा करून घेणेच बरे.

साधारणपणे ५ ते १५ मायक्रोमोल प्रतिलिटर ही पातळी सामान्य, ३० पर्यंतची सौम्य वाढ, तर १०० च्या पुढची तीव्र वाढ मानली जाते. तीव्र वाढीमागे बहुधा होमोसिस्टिन्युरिया हा आनुवंशिक विकार असतो.

त्यानंतर कारण शोधावे, आणि माझ्या मते खरे काम हेच आहे. बी-१२, फोलेट, क्रिएटिनिन आणि टीएसएच तपासून घ्यावे, कारण मूत्रपिंड मंदावले किंवा थायरॉइड कमी पडले, तरीही पातळी चढते. मेटफॉर्मिन, मेथोट्रेक्सेट, फेनिटॉइन यांसारखी औषधे चालू असतील, तर ती परस्पर बंद न करता डॉक्टरांना सांगावीत. धूम्रपानाची सवयही लपवू नये.

बी-१२ तपासल्याशिवाय नुसते फोलिक अॅसिड (गोळीतील फोलेट) सुरू करू नये: बी-१२ कमी असेल, तर त्याने रक्तक्षय सुधारल्यासारखा दिसतो, पण नसांची हानी आतून चालूच राहते.

बी जीवनसत्त्वांच्या गोळ्यांकडून अपेक्षाही बेताचीच ठेवावी. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या होप-२ आणि नॉर्व्हिट या मोठ्या चाचण्यांमध्ये बी जीवनसत्त्वांनी होमोसिस्टीन उतरले, तरी हृदयविकाराचे झटके कमी झाले नाहीत. मेंदूच्या बाबतीत चित्र थोडे आशादायक आहे; ऑक्सफर्डच्या २०१० मधील अभ्यासात सौम्य स्मृतिदोष असलेल्या वृद्धांच्या मेंदूचे आकुंचन या जीवनसत्त्वांमुळे मंदावले, आणि ज्यांचे होमोसिस्टीन आधीच जास्त होते, त्यांना अधिक लाभ झाला. त्यामुळे रक्तदाब, कोलेस्टेरॉल आणि साखर यांचे उपचार मागे टाकून केवळ या आकड्याच्या मागे लागू नये.

उपचार सुरू झाल्यावर दोन-तीन महिन्यांनी, शक्यतो त्याच प्रयोगशाळेत, चाचणी पुन्हा करावी.