अंदमानला जाताय? आकाश बघून समुद्राचा अंदाज बांधू नका: या चुका टाळा

अंदमानातल्या हॅवलॉक बेटाची जेट्टी, सकाळचे नऊ, लख्ख ऊन. तिकीट-खिडकीवर फेरीबोटी रद्द झाल्याचा कागद डकवलेला आणि आमच्या ग्रुपमधले एक काका आतल्या माणसाशी हुज्जत घालताहेत, "अहो, पाऊस कुठाय?" त्याने न बोलता हनुवटीनेच समुद्राकडे खूण केली. जेट्टीजवळचं पाणी शांत होतं, पण पलीकडे नजर जाईल तिथवर लाटांच्या माथ्यावर पांढरा फेस दिसत होता.

अंदमानची सहल बिघडते ती बहुतेक वेळा पावसाने नव्हे, वाऱ्याने. तिथला पाऊस तासभर झोडपून निघून जातो, छत्रीसुद्धा वाळते. वारा मात्र दोन-दोन दिवस थांबत नाही. आणि आपण घरून बघून निघतो काय, तर मोबाइलवरचं ढगाचं चित्र.

दिवाळीची सुट्टी आणि २८ मे

आपल्याकडे पाऊस संपला म्हणजे सगळीकडे संपला, हा पहिला गैरसमज. ऑक्टोबर ते डिसेंबर हा बंगालच्या उपसागरात चक्रीवादळांचा काळ, शिवाय ईशान्य मोसमी वाऱ्यांचा पाऊस वेगळाच. डिसेंबर २०१६ मध्ये असंच हवामान बिघडून हॅवलॉक आणि नील या बेटांवर हजाराहून जास्त पर्यटक अडकले होते, त्यांना आणायला नौदलाची जहाजं पाठवावी लागली. नाताळच्या आधीचे दिवस होते ते, म्हणजे आपण 'पीक सीझन' म्हणून जादा पैसे मोजतो त्याच सुमाराचे.

दुसरी तारीख खास आपली. सावरकर जयंतीला सेल्युलर जेलमध्ये असावं म्हणून महाराष्ट्रातून बरेच गट मे अखेरीस जातात. भावना समजते. पण नैऋत्य मोसमी वारे अंदमान समुद्रात साधारण २२ मेला पोचतात, केरळच्याही दहा दिवस आधी. त्या आठवड्यात जेल बघा, पोर्ट ब्लेअर बघा, पण लहान बेटांचा कार्यक्रम दगडावरची रेघ समजू नका. २६ फेब्रुवारीला, म्हणजे पुण्यतिथीला गेलात तर समुद्रही साथ देतो. फेब्रुवारी-मार्च हा तिथला सगळ्यात निवांत काळ.

वारा कुठून येतोय, हे कुणी विचारतच नाही

'राधानगर बीच सेफ आहे का?' या प्रश्नाला एक उत्तर नाही. राधानगर हॅवलॉकच्या पश्चिमेला, काळापत्थर पूर्वेला. मे ते सप्टेंबर वारा नैऋत्येचा, तेव्हा राधानगरवर लाटा आपटतात. नोव्हेंबरनंतर वारा ईशान्येकडून येतो, मग पूर्वेकडचा किनारा खवळतो आणि राधानगर बेटाच्या आडोशाला येतं. कुणाचा जूनमधला व्हिडिओ बघून जानेवारीचा बेत रद्द करू नका. उलट करणं तर त्याहून धोक्याचं.

अंदाजातले आकडेही नीट वाचा. हैदराबादची 'इन्कॉइस' ही सरकारी संस्था लाटांचा अंदाज देते. तिथे 'लाटांची उंची २ मीटर' असं दिसलं की लोक समजतात, सगळ्यात मोठी लाट २ मीटरची. तसं नसतं. तो आकडा सर्वांत उंच एक-तृतीयांश लाटांची सरासरी असतो; मधूनच एखादी लाट जवळपास दुप्पट उंचीची येऊ शकते. गुडघाभर पाण्यात पाठ फिरवून सेल्फी काढणाऱ्यांना नेमकी तीच गाठते.

त्याच्या शेजारी सेकंदांत दिलेला आकडाही बघा, दोन लाटांमध्ये किती वेळ जातो ते सांगणारा. सहा-सात सेकंद असतील तर फेरीत पोट ढवळणार हे नक्की. चौदा-पंधरा असतील तर त्या लाटा दूर दक्षिणेकडच्या वादळातून निघालेल्या. फेरीला त्यांचं फारसं काही वाटत नाही, पण किनाऱ्यावर येऊन त्या जोरात फुटतात, आणि तेही कडकडीत उन्हात. वाऱ्याचा वेग नॉटमध्ये असेल तर १ नॉट म्हणजे ताशी १.८५ किमी. १५ नॉट वाचून 'पंधराच तर आहे' म्हणू नका. आणि बंदरावर तीन नंबरचा, म्हणजे खराब हवामानाच्या इशाऱ्याचा, बावटा लागला असेल तर पुढचं गणित करत बसू नका.

भरती-ओहोटी: कोकणातलं सूत्र तिथे चालत नाही

माझीच फजिती सांगतो. तिथीला पाऊणने गुणायचं की भरतीची वेळ निघते, अष्टमी म्हणजे आठ गुणिले पाऊण, सहा वाजता, हे आमच्या घरी पाठ. नीलवर मी ऐटीत तेच लावलं आणि सगळ्यांना घेऊन तिथल्या भरतपूर बीचवर पोचलो, तर पाणी पार आत गेलेलं. पोवळ्यांचे दगड उघडे, काचेच्या तळाच्या बोटी वाळूवर कलंडलेल्या. ते सूत्र मुंबई-कोकणच्या किनाऱ्याचं; प्रत्येक बंदराची वेळ वेगळी. पोर्ट ब्लेअरचा भरतीचा तक्ता वेगळा मिळतो, तो बघा. वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते.

तिथे पाणी उधाणालाही दोन मीटरच्या आसपासच चढतं-उतरतं, मुंबईच्या निम्म्याहून कमी. पण किनारा उथळ, त्यामुळे तेवढ्यानेही चित्र पालटतं. भरतपूरच्या बोटींना भरती लागते, तर लक्ष्मणपूर बीचवरचा निसर्गानेच घडवलेला दगडी पूल बघायला ओहोटी. एकाच सकाळी दोन्ही उरकायचं म्हटलं की एक हुकणारच.

घड्याळही फसवतं

घड्याळ तेच, पण अंदमान मुंबईच्या कितीतरी पूर्वेला. डिसेंबरात सूर्य पाचच्या सुमारास मावळतो. जेवून, लोळून साडेचारला किनाऱ्यावर गेलात तर पोहायला वेळच उरत नाही. पाण्यातले सगळे बेत सकाळचे ठेवा.

अडकलात तर

मुळात लांबची बेटं आधी करा आणि विमानाच्या आदली रात्र पोर्ट ब्लेअरलाच ठेवा. निम्मे प्रश्न इथेच मिटतात, तरीही बहुतेक पॅकेजं जेलपासून सुरू होऊन नीलवर संपतात, का ते मला कळलेलं नाही. जाहीर सूचनांमध्ये नवी नावं असतात: हॅवलॉक म्हणजे स्वराज द्वीप, नील म्हणजे शहीद द्वीप, पोर्ट ब्लेअर म्हणजे श्री विजयपुरम. उलटीची गोळी फेरीत बसल्यावर नव्हे, अर्धा-पाऊण तास आधी घ्या, आणि मागची मधली जागा धरा.

फेरी रद्द झाली की आधी हॉटेलला फोन करून खोली धरून ठेवा, कारण तासाभरात सगळं बेट तेच करणार आहे. मग विमान कंपनी, मग परताव्याची रांग. आमच्या काकांनी हा क्रम उलटा लावला. वर एका डुंगीवाल्याला, म्हणजे लहान होडीवाल्याला, गाठून दुप्पट पैसे देऊ केले. त्याने नकारार्थी मान हलवली, आणि दोन पोरांना हाक मारून आपली डुंगी ओढत नारळाच्या झाडांपर्यंत वर नेली.