डिकलखालची चांदी कशी घालवली

१:७२ प्रमाणातल्या मिग-२१ लढाऊ विमानाच्या मॉडेलच्या पंखावर हवाई दलाच्या केशरी-पांढऱ्या-हिरव्या चक्राचं डिकल (पाण्यात भिजवून चिकटवायचं पातळ चित्र) बसवलं, आणि वाळल्यावर पारदर्शक कडेला चांदीसारखी झाक आली. डिकल खराब नव्हतं. मॅट रंगाचा पृष्ठभाग खरखरीत असतो. त्या खळग्यांत हवा अडकते आणि तीच चमकते.

असं डिकल खरवडू नका, ते वाचतं. झाक होती तिथे बारीक सुईनं मिलिमीटरभर अंतरावर टोचे मारले, पॅनेलच्या रेषेवर (पत्र्यांचा जोड दाखवणाऱ्या खाचेवर) ब्लेडच्या टोकानं चीर दिली आणि ब्रशनं मायक्रो सोल (डिकल मऊ करणारं द्रावण) सोडलं. डिकल सुरकुततं. इथे घाबरून बोट लावलं की फाटलंच! वाळताना ते आपोआप ताणून बसतं. रात्रभर ठेवून सोलचा दुसरा हात दिला, हट्टी जागी तिसरा.

दुसऱ्या पंखाला पृष्ठभाग गुळगुळीत व्हावा म्हणून डिकलच्या आधीच ग्लॉसचे (चकचकीत वार्निशचे) दोन पातळ हात दिले. ठाण्यात जुलैमध्ये लॅकर ग्लॉस हवेतल्या ओलीनं पांढरट पडतो, म्हणून अर्धा तास एसी ड्राय मोडवर चालवून मगच एअरब्रशनं फवारलं. २४ तास वाळवलं. डिकल कोमट पाण्यात १०-१५ सेकंद, मग मिनिटभर टिश्यूवर. पाण्यात तरंगत ठेवलं तर गोंद धुऊन जातो. डिकलखाली मायक्रो सेट (ते नीट चिकटवणारं द्रावण), वरून ओल्या कॉटन बडनं मधून कडेकडे दाब.

डिकलची शीट जुनी असेल तर नको असलेला एखादा आकडा आधी भिजवून बघा. तुकडे झाले, तर उरलेल्या शीटवर लिक्विड डिकल फिल्मचा (वाळून पातळ पापुद्रा होणाऱ्या द्रवाचा) एक हात द्या. मात्र नंतर प्रत्येक खूण कडेलगत कापूनच भिजवायची, कारण सगळी शीट आता एकच पापुद्रा झालेली असते.