गिऱ्हाईक डेपोत सापडलं

ऑर्डरप्रमाणे छोटी मॉडेलं रंगवून द्यायला लागलो तेव्हा पहिले आठ महिने मी माल नको त्या लोकांना दाखवत होतो. छंदवाल्यांचे ग्रुप, प्रदर्शनं. तिथे कौतुक भरपूर, "प्रायमर कुठला मारलात?" हा प्रश्न ठरलेला, आणि ऑर्डर शून्य. बरोबरच आहे म्हणा. ज्याला स्वतःला रंगवता येतं तो मला पैसे कशाला देईल?

पहिली खरी ऑर्डर विट्याहून आली. वडील एसटीत ड्रायव्हर, ३१ मेला रिटायर होणार. मुलाला बसचं मॉडेल हवं होतं, पण कुठलीही बस नको, वडिलांचीच गाडी. तोच नंबर, तीच 'विटा–स्वारगेट' पाटी, सीटच्या पाठीवर टाकलेला पंचासुद्धा.

तेव्हा डोक्यात उजेड पडला. शाळेत नाव घालताना मास्तरांनी सरसकट १ जून जन्मतारीख लावलेली एक अख्खी पिढी आपल्याकडे आहे. जन्म एक तारखेचा असला की निवृत्ती आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी. म्हणजे ३१ मेला निरोप समारंभांची रांग! त्यात १ जून हा एसटीचाही वाढदिवस, १९४८ साली याच दिवशी पुण्याहून नगरला पहिली गाडी सुटली. म्हणून मी मार्चमध्येच एक तयार बस पिशवीत घालून डेपो फिरतो. साहेबाच्या केबिनमध्ये जाऊ नका. निरोपाची वर्गणी कोण गोळा करतो ते कॅन्टीनमध्ये विचारा. तुमचं गिऱ्हाईक तो.

पण ही माणसं कडक परीक्षक असतात. दुसऱ्याच ऑर्डरला मी मोबाईलमधला फोटो बघून लाल रंग जुळवला. फोटोत लाल भडक येतो हे लक्षातच आलं नाही. बस हातात घेऊन काका शांतपणे म्हणाले, "छान आहे, पण ही आमची गाडी नव्हे." सगळं खरवडून पुन्हा रंगवलं, पदरचे पैसे घालून. आता रंगाचा नमुना पत्र्याच्या तुकड्यावर मारतो आणि डेपोत, उन्हात, खऱ्या गाडीला लावून बघतो. नंबर तर लेखी घेतो. एमएच १४ म्हणजे बहुधा एसटीच्या दापोडीच्या वर्कशॉपात बांधलेली गाडी, एमएच २० म्हणजे चिकलठाण्याच्या. तिथे चूक झाली तर बाकीचं काम कितीही सुबक असो, फुकट.

भाव सांगताना लाजू नका. पहिली बस मी १,८०० रुपयांना दिली आणि तीस तास घातले. हिशेब तुम्हीच करा. निम्मे पैसे आधी, नाहीतर ब्रश उचलायचा नाही.

पाऊस लागला की तारीख देताना जपून. ओल्या हवेत लॅकर (रंगावरचा पारदर्शक थर) मारला तर लाल रंगावर पांढुरकी झाक चढते.

आणि एक. माझा फोन नंबर मी बसच्या पोटाला बारीक अक्षरात लिहितो. मॉडेल टीव्हीशेजारच्या शोकेसमध्ये जातं, आणि घरी आलेला पाहुणा ते उलटं करून बघतोच.