सॅकच्या आतला चिकटपणा आणि पांढरे पापुद्रे: मला लागू पडलेला उपाय

जूनमध्ये राजमाचीला निघताना माळ्यावरची सॅक उघडली. आतून चिकट, आंबूस वास, कपड्यांना पांढरे पापुद्रे.

साबणाने दोनदा धुतली, उन्हात टांगली, टाल्कम पावडर भुरभुरली. पावडरीचाच लगदा झाला. फेकूनच देणार होतो.

ती बुरशी नव्हतीच. कापडाला आतून पॉलियुरेथेनचा, म्हणजे पाणी अडवणाऱ्या प्लास्टिकचा थर असतो, दमट हवेत वर्षानुवर्षे राहून तो सुटतो. थरच काढावा लागतो.

सॅक उलटी केली. खिडक्या उघड्या, गॅस बंद, कारण थर काढायला घेतलेलं आयसोप्रोपिल अल्कोहोल (जंतुनाशक म्हणून वापरतात ते) पेट घेतं. आधी कोपऱ्यात रंग जातो का पाहिलं. मग अल्कोहोलने भिजवलेलं फडकं वीतभर भागावर पाच मिनिटं दाबून ठेवलं, भांड्यांच्या हिरव्या घासणीने घासलं, सुटलेला थर लगेच पुसला. असं करत शिवणींपर्यंत. शेवटी कोमट पाणी आणि खायचा सोडा, तासभर. साध्या पाण्याने खळबळून दोन दिवस सावलीत.

आता कापड पाणी अडवत नाही, म्हणून आत जाड प्लास्टिकची पिशवी घालतो. सॅक माळ्यावर न ठेवता दारामागे खुंटीला टांगतो, तोंड उघडं ठेवून.