आठ वर्षांच्या विल्यमचा माग कसा काढला

ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यात बेंडिगो हे जुन्या सोन्याच्या खाणींचं गाव. तिथल्या जुन्या दफनभूमीत एक बुटका दगड आहे. विल्यम, वय 8, साल 1867. आडनाव निम्मं झिजलेलं. मी या गावात नर्स म्हणून आले, सोन्याच्या खाणींशी माझा काडीचा संबंध नाही. पण त्या पोराने पिच्छा सोडला नाही. दोन हिवाळे गेले. कुणाला असाच माग काढायचा असेल, तर माझे हेलपाटे तरी वाचतील.

सुरुवात मृत्यूपासून करा, जन्मापासून नको. व्हिक्टोरियात सरकारी नोंदणी 1 जुलै 1853 ला सुरू झाली आणि इथला मृत्युदाखला भलताच बोलका असतो: आईवडिलांची नावं, आईचं माहेरचं आडनाव, बापाचा धंदा, मूल कुठे जन्मलं, वसाहतीत (म्हणजे तेव्हाच्या ब्रिटिश व्हिक्टोरियात) किती वर्षं होतं, कुठे पुरलं. विल्यम जन्माने इंग्लंडमधल्या कॉर्नवॉलचा, वसाहतीत पाच वर्षं. म्हणजे 1862 च्या आसपासची जहाजं. ब्रिटिश बंदरांतून आलेल्या प्रवाशांच्या 1852 पासूनच्या याद्या व्हिक्टोरियाच्या सरकारी अभिलेखागारात आहेत.

नोंदणीच्या सूचीत शोधताना गावाचं नाव 'बेंडिगो' टाकून बसू नका, 1891 पर्यंत ते अधिकृतपणे सँडहर्स्ट होतं. आडनावावरही विसंबू नका, कारकून कानाला लागेल तसं लिहायचा. मला मूल सापडलं ते आडनावाचा रकाना रिकामा ठेवून, नुसतं नाव, वर्ष आणि आईचं नाव घातल्यावर.

मग मी चांगलीच फसले. त्याच आईबापांचा आणखी एक विल्यम, जन्म 1868! आठवडाभर मी सूचीला नावं ठेवत होते. पण गेलेल्या लेकराचं नाव पुढच्याला देणं तेव्हा सर्रास चालायचं. धाकट्याचा जन्मदाखला मागवला, त्यात आधीच्या भावंडांची नावं होती, कोण जिवंत आणि कोण गेलेलं यासकट. थोरल्याचा दाखला मिळत नसेल, तर हा रस्ता लक्षात ठेवा.

मूल आजाराने गेलं असेल तर कारण आणि आजार किती दिवस चालला, हे दाखल्यातच असतं. घटसर्पापुढे 'चार दिवस' असं वाचलं की माझ्यासारखीला पुढचं सांगावं लागत नाही. अपघात असेल तर मात्र कॉरोनरच्या, म्हणजे अशा मृत्यूंची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याच्या, चौकशीची फाइल बघाच. 1840 पासूनच्या फाइली त्याच अभिलेखागारात आहेत.

विल्यमची फाइल चारच पानांची निघाली. पाणी आणायला गेला होता. सोडून दिलेल्या खाणीच्या खड्ड्यात पाणी साचलं होतं, बादली काठावर उभीच होती. आईच्या जबाबाखाली सही नाही, फुली आहे. तिची एक रेघ कागद फाटेल इतकी दाबलेली.

जुनी वर्तमानपत्रं 'ट्रोव्ह' या ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर फुकट वाचता येतात, 'बेंडिगो ॲडव्हर्टायझर'सुद्धा. यंत्राने वाचलेल्या मजकुरात नावांची वाट लागलेली असते, म्हणून नावाऐवजी तारीख धरा आणि पुढचा आठवडा पानापानाने चाळा. मला सात ओळी मिळाल्या, त्यातही वय चुकलेलं.

शेवटी दफनभूमीची वही. दगडावर एकच नाव असलं तरी थडग्याचा क्रमांक देऊन तिथे आणखी कोण आहे ते विचारा. विल्यमच्या खाली अकरा महिन्यांची बहीण निघाली. तिचं नाव दगडावर कधी कोरलंच नव्हतं.